वर्गबंधूंच्या नावाने धावणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. कार्यकारी मंडळाच्या गेल्या बैठकीत आपल्या तरुण सभासदांनी एक प्रस्ताव मांडला आणि वडीलधाऱ्यांत एकमत न झाल्यामुळे तो तहकूब राहिला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील आपल्या मुलांचे जे शाळासोबती सैन्यात गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावे छातीवर लावून या मुलांनी जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमध्ये एकत्र धावावे व प्रवेशशुल्काचा काही भार मंडळाने उचलावा, असा तो प्रस्ताव. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकविलेला मनुष्य. व्यायामशास्त्रातले मला काही कळत नाही. पण वर्गात एका बाकावर बसलेली मुले एकमेकांची कोण होतात, एवढे पाहण्यात माझी उमर गेली आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने मी बोलत आहे.

एका ज्येष्ठ सभासदांनी बैठकीत विचारले, “ज्यांच्या घरचा मुलगा गेला, त्यांच्या दुःखावर ही पळापळ आणि बँडबाजा कशाला?” प्रश्न कठोर होता, अप्रामाणिक मुळीच नव्हता. मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्यात नाना सोंगे घेऊन धावणारी मंडळीही असतात, फोटोही निघतात. शोकाचे प्रदर्शन होईल ही भीती निराधार नाही. तथापि धावणे आणि स्मरण यांचा संबंध आपल्या मुलांनी आज नव्याने जोडलेला नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

मॅरेथॉनहून अथेन्सला विजयाची वार्ता आणून कोसळलेल्या ग्रीक धावकाची कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. ती कितपत खरी याविषयी विद्वानांना शंका आहे. म्हणून ती मी बाजूला ठेवतो. मला सांगावयाचे आहे ते दक्षिण आफ्रिकेतील एका आगगाडीच्या इंजिनड्रायव्हरविषयी. व्हिक क्लॅफम हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात तो पायदळात भरती झाला आणि पूर्व आफ्रिकेच्या रानावनांतून सुमारे २७०० किलोमीटर पायपीट करून घरी परतला. अनेक सोबती त्या वाटेवरच राहिले. त्यांचे स्मारक काय करावे? दगडाचा खांब उभारून भागत नाही, असे त्याला वाटले. सोबत्यांनी जे सोसले त्याचा अंश तरी आपल्या पायांना सोसावा लागावा, म्हणून पीटरमारित्झबर्ग ते डर्बन हे जवळजवळ ९० किलोमीटरचे अंतर धावण्याची शर्यत भरवावी, अशी परवानगी त्याने माजी सैनिकांच्या संघाकडे मागितली. ती वर्षानुवर्षे नाकारण्यात आली. ती फारच कष्टाची होईल, असा आक्षेप होता. त्याने मागणी सोडली नाही. शेवटी २४ मे १९२१ रोजी ३४ माणसे धावू लागली आणि १६ जणांनी अंतर पुरे केले. ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ म्हणतात ती हीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती काही वर्षे बंद राहिली, नंतर पुन्हा सुरू झाली, आणि आज तीत हजारो लोक धावतात.

पीटरमारित्झबर्ग हे नाव आपल्याला अपरिचित नाही. १८९३ साली तेथीलच स्टेशनावर बॅरिस्टर गांधींना काळे म्हणून गाडीतून उतरविले होते. त्याच गावाहून सुरू झालेल्या या स्मरणाच्या शर्यतीत काळ्या माणसांना आणि स्त्रियांना अधिकृतपणे भाग घेता आला तो १९७५ साली. म्हणजे चोपन्न वर्षे! पूर्व आफ्रिकेच्या त्या मोहिमेत हिंदुस्थानी आणि आफ्रिकी शिपाईही लढले होते, कामी आले होते. पण ‘सोबती’ या शब्दाच्या व्याख्येत त्यांचे वंशज बसत नव्हते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे. तिचा आपल्याशी संबंध पुढे येईल.

आता आपल्याकडे वळू. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुले तीन वर्षे राहतात, आणि त्या तीन वर्षांत पहाटे उठून धावणे हा त्यांचा नित्यक्रम असतो. स्क्वॉड्रन-स्क्वॉड्रनमधील लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकट्याने पुढे निघून जाण्यात मोठेपणा नसतो, कारण मागे राहिलेल्याचे गुणही स्क्वॉड्रनच्याच खात्यात जमा होतात. एकाच तुकडीत शिकलेले अधिकारी एकमेकांना जन्मभर ‘कोर्समेट’ म्हणतात. सख्ख्या भावाइतके ते नाते मानले जाते. अशा सोबत्यांपैकी एखादा गेला तर उरलेल्यांनी त्याच्यासाठी धावावे, याहून सरळ गोष्ट मला दिसत नाही. ज्याच्याबरोबर धावलो त्याच्यासाठी धावायचे, एवढेच.

आपल्या उपनगरांतील नावे काही थोडी नाहीत. पार्ल्याचे कॅप्टन विनायक गोरे १९९५ साली काश्मीरमध्ये कामी आले. पार्ल्याच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजण ती पाटी वाचतात, हे मी विचारत नाही. त्यांच्या मातोश्री श्रीमती अनुराधाताई गोरे यांनी ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ हे पुस्तक लिहून वीरांच्या कथा मुलांपर्यंत पोहोचविल्या. दहिसरच्या पलीकडे मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझ येथे घुसखोरांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी कनिकाताई पुढे स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. आणि मे २०२५ मध्ये नियंत्रण रेषेवर प्राण देणारा अग्निवीर मुरली नाईक; त्याचे कुटुंब मूळ आंध्रचे, पण वास्तव्य घाटकोपरच्या कामराजनगरात होते.

येथे मी त्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. तो बैठकीत कोणी मोठ्याने उच्चारला नाही, पण चहाच्या वेळी माझ्या कानांवर आला: मंडळाचा पैसा आपल्या ज्ञातीतील वीरांच्या नावापुरता खर्च व्हावा. मंडळ ज्ञातीचे आहे, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या ज्ञातीतील मुलांना मिळतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. परंतु ‘वर्गबंधू’ हा शब्द आपण प्रस्तावात घातला आहे. माझ्या वर्गात हजेरीपट ‘अ’पासून लागत असे. त्यात आडनावे शेजारीशेजारी येत ती अक्षराच्या क्रमाने. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कोणाची भाकरी कोणाच्या हातात जाई, हे मला बाहेरून सांगता आले नसते. त्या बाकावरील एक मुलगा गेला आणि उरलेल्यांनी त्याचे नाव छातीवर लावायचे ठरविले, तर त्यांना आपण प्रथम त्याची ज्ञाती विचारणार काय? तसे करावयाचे असेल तर प्रस्तावातील ‘वर्गबंधू’ हा शब्द काढून टाकावा. दोन्ही ठेवता येणार नाहीत.

पळणाऱ्या मुलांना मात्र काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. बेचाळीस किलोमीटर हा पल्ला पंधरा दिवसांच्या उत्साहाने सुटत नाही. चार-पाच महिने आधीपासून आरे कॉलनीत किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे नियमाने धावावे लागेल. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तेथे पायांत गोळे आलेली माणसे मी पाहिली आहेत. ज्यांना झेपणार नाही त्यांनी अर्ध्या पल्ल्यात नाव घालावे; त्यात कमीपणा नाही. मृदंग, झेंडे, घोषणा यांपैकी काही नको. छातीवर नाव असावे, त्याखाली शाळा आणि मॅट्रिकचे वर्ष. एका नावाचे सर्व सोबती एकत्रच धावतील आणि गती राहील ती शेवटच्या मुलाची. एखाद्याला वेळेचा विक्रम करावयाचा असेल तर त्याने तो निराळा करावा.

त्या दिवशी विरार आणि कल्याणहून रात्री तीनच्या सुमारास खास लोकल सोडतात. मुलुंड-घाटकोपरची मुले त्या गाडीने जातील. त्यांच्याबरोबर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनीही जावे अशी माझी सूचना आहे. धावण्यासाठी नव्हे, पेडर रोडच्या माथ्यावर मीठ-साखरेचे पाणी घेऊन उभे राहण्यासाठी. त्या सोबत्यांच्या आईवडिलांपैकी कोणाला यावेसे वाटले तर त्यांना सन्मानाने घेऊन जावे. वाटले नाही, तर आग्रह करू नये. आणि कोणत्याही नावाचा उपयोग त्या घरी प्रत्यक्ष जाऊन संमती घेतल्यावाचून होऊ नये. फोनवर विचारू नये.

अध्यक्षमहाशय, प्रस्ताव आज पुन्हा मतास टाकावा अशी माझी विनंती आहे. अर्जाचा नमुना चिटणीसांनी मला दाखविला. त्यात दिवंगत सैनिकाच्या नावापुढे ‘ज्ञाती व मूळ गाव’ असा रकाना होता. तो मी पेन्सिलीने खोडून तेथे ‘शाळा व तुकडी’ असे लिहिले आहे. सभेस मान्य असेल तर तसाच छापावयास द्यावा.