कोऱ्या कागदाची भीती आणि रोजची मश्क

(मोहाडी येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या समारंभात पाहुण्याने डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, बँकेची नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा यांवर बोलावे असा प्रघात आहे. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पोट भरणे ही पहिली गरज आहे. तरीही संस्थेने मला चित्रकलेवर बोलायला सांगितले, याबद्दल मी चालकांचा आभारी आहे. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांनी मागून घ्यायचा तास, हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे!

शाळाशाळांतून दिसणारी एक गोष्ट प्रथम सांगतो. पाचवी-सहावीतली मुले धडाधड चित्रे काढतात. कागद संपला तर वहीचे मागचे पान, तेही संपले तर पाटी. हीच मुले आठवी-नववीत गेली की हात आखडतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांपुरता महिनाभर सराव होतो आणि रंगाची पेटी माळ्यावर जाते. विचारले तर उत्तर येते, "सर, आता काही सुचत नाही." घरच्यांना हायसे वाटते. पोरगा किंवा पोरगी आता अभ्यासाला लागेल, असे त्यांना वाटते. अशा रीतीने एक चांगला हात कोणाला न कळता बंद पडतो. भांडण नाही, रडारड नाही, म्हणून ते नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही.

पालकहो, "सुचत नाही" या शब्दांचा अर्थ "संपले" असा घेऊ नका. चौदाव्या वर्षी डोळा मोठा होतो आणि हात मागे राहतो. चांगले काय ते मुलाला कळू लागते, पण तसे काढता येत नाही, म्हणून कोऱ्या कागदाची भीती वाटते. हे वाढीचे लक्षण आहे. मोठमोठ्या चित्रकारांनाही हा टप्पा चुकलेला नाही. त्यांतले एक नाव आपल्या अगदी जवळचे आहे.

सैयद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या जंगलातल्या गावी झाला. वडील वनखात्यात होते. हैदर शाळेत चंचल होता, मन कुठेच ठरत नसे. तेव्हा ककैया गावच्या शाळेतील नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि मुलाला त्याच्यासमोर बसवून सांगितले की याच्याकडे पाहत राहा. छडी नाही, अंगठे धरून उभे करणे नाही. फक्त एक ठिपका. तो ठिपका पुढे जगाला माहीत झाला. त्याची गोष्ट थोड्या वेळाने सांगतो.

रझांनी दमोहला माध्यमिक शिक्षण घेतले, नागपूरच्या कलाशाळेत चित्रकला शिकली आणि काही काळ गोंदियाला ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरी केली. गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला. तोपर्यंत तो आपल्याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे एके काळी रझा आपल्या जिल्ह्यातले एक साधे ड्रॉइंग मास्तर होते. १९४३ साली ते मुंबईस निघाले. गोंदियाहून नागपूरकडे जाणारी गाडी आपल्या तालुक्यातील वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरूनच जाते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी शिष्यवृत्ती मिळाली होती; पण नोकरीतून मोकळे होऊन पोचेपर्यंत उशीर झाला आणि ती हातची गेली.

आता विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. खिशात पैसा नाही, शिष्यवृत्ती गेली, ओळखीचे माणूस नाही. रझा परत फिरले नाहीत. फोर्ट भागातल्या एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ या छपाईचे ठसे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. दिवसा नोकरी, संध्याकाळी कलावर्ग आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे. भोवती मुंबईचे रस्ते, इमारती, पावसाळी आभाळ आणि माणसांची गर्दी होती. तेच विषय त्यांनी जलरंगात रंगवले. विषय शोधत ते कुठे लांब गेले नाहीत, आणि फुरसत मिळेल तेव्हा बसू असेही म्हणाले नाहीत. पुढे जे. जे. चे शिक्षणही झाले. १९४६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले, १९४८ साली सुवर्णपदक. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला.

१९४८ साली काश्मीरमध्ये त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार भेटले. चित्रे पाहून त्यांनी स्पष्ट सांगितले की हात चांगला आहे, पण बांधणी कच्ची आहे. सेझानचा अभ्यास करा. सुवर्णपदकाच्या वर्षी असा शेरा मिळावा, हे मनाला लागण्यासारखे होते. रझांनी तो शेरा मानला, फ्रेंच शिकले आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. सेझान या फ्रेंच चित्रकाराची एक खोड आपल्या उपयोगाची आहे. आपल्या गावाजवळचा सेंट व्हिक्टोआर हा एकच डोंगर त्याने आयुष्याच्या शेवटापर्यंत अनेक वेळा रंगवला. "विषय संपला" असे त्याला कधी वाटले नाही.

१९५६ साली रझांना फ्रान्सचे 'प्री द ला क्रितिक' हे समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले परदेशी चित्रकार. नाव झाले, चित्रे विकली जाऊ लागली. आणि खरी अडचण इथेच आली. १९७० नंतरच्या काळात त्यांना आपल्याच चित्रांबद्दल असमाधान वाटू लागले. हात चालत होता, पण त्या चित्रांत आपण कुठे आहोत, आपली माती कुठे आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ते वारंवार भारतात आले. अजिंठा-वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान असे हिंडले. हिंडता हिंडता मन जाऊन थांबले ते ककैयाच्या भिंतीवरच्या ठिपक्यापाशी. १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांत मोठा काळा बिंदू आला आणि पुढची तीसहून अधिक वर्षे त्या बिंदूभोवती त्यांचे काम फुलत गेले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एका नामवंत चित्रकाराने शाळेतला पहिला धडा पुन्हा गिरवायला घेतला.

साठ वर्षे फ्रान्समध्ये राहून २०१० च्या अखेरीस ते भारतात परतले. प्रकृती साथ देत होती तोवर दिल्लीत रंगांपुढे बसत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. साधने आणि वेळ नसताना माणूस अडतो, तेव्हा रोजचे थोडे काम त्याला तारते. हात सराईत झाल्यामुळे माणूस अडतो, तेव्हा पहिल्या धड्याकडे परत जावे लागते. आपल्या आंधळगावचे कोसा विणकर पाहा. मन लागो न लागो, सकाळी मागावर बसतात आणि धोटा फिरू लागतो. चित्रकारानेही तसेच बसावे. फरक एवढाच की विणकराचा नमुना ठरलेला असतो; चित्रकाराला मात्र डोळाही रोज नवा ठेवावा लागतो. नाहीतर हात चालतो आणि डोळा झोपतो.

रोज एक चित्र काढण्याचा नेम जगात अनेकांनी केला आहे. जपानच्या होकुसाई या चित्रकाराने ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या काळात, रोज सकाळी सिंहाचे एक चित्र काढण्याचा नेम धरला होता. त्यांतली दोनशेहून अधिक चित्रे उरली आहेत. अमेरिकेतील डुआन कायझर यांनी डिसेंबर २००४ पासून रोज एक पोस्टकार्डाएवढे चित्र रंगवायला घेतले. २००९ पासून ऑक्टोबर महिन्यात रोज शाईने एक चित्र काढण्याची चालही जगभर पसरली आहे.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. गवई ज्याला रियाज म्हणतात तो शब्द अरबीतून आला आहे. खुशनवीस, म्हणजे सुंदर हस्ताक्षर लिहिणारे, आपल्या सरावाला मश्क म्हणतात. शिकाऊ माणूस दिवसेंदिवस एकच अक्षर गिरवतो. बगदादचा वजीर इब्न मुक्ला, जो इसवी सन ९४० मध्ये वारला, त्याने अक्षरांची मापे बसवून दिली. त्याचे माप कोणते? बोरूच्या टोकाने उमटणारा नुक्ता, म्हणजे ठिपका! अलिफ किती उंच, बे किती रुंद, हे नुक्त्यांनी मोजायचे. रझांचा बिंदू इथून आला असे मला म्हणायचे नाही. पण मोठ्या कलेची सुरुवात एका ठिपक्यापासून करावी, हे शहाणपण आपल्या परंपरेतही आहे.

काही घरांत सजीवांची चित्रे काढणे पसंत नसते. त्या वादात मी शिरत नाही. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की अक्षरे, वेलबुट्टी, भौमितिक नक्षी, झाडे, नदी, डोंगर, धानाची बांधी, घरे आणि भांडी हे सारे विषय मोकळे आहेत, आणि एका आयुष्याला ते पुरून उरतील. त्यासाठी मुलाची रंगपेटी माळ्यावर टाकण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांनो, आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. आजपासून तीस दिवस रोज एक चित्र काढा. कागद पोस्टकार्डाएवढाच घ्या; मोठा कागद घाबरवतो, लहान कागद बोलावतो. वेळ एकच ठरवा, अर्धा तास पुरे. तांबडा, पिवळा, निळा आणि थोडा पांढरा एवढे रंग बस. विषय घरातला घ्या: पितळी गुंड, दारातली सायकल, अम्मीचा पानदान, बांधावरचा पळस. चित्राच्या मागे तारीख घाला आणि ते वाईट झाले तरी फाडू नका. वाईट चित्र हाही हिशेबातला आकडा आहे.

दहा-बारा दिवसांनी गाडे अडेल. ते अडणारच. तेव्हा नवा विषय शोधत बसू नका. कालचाच विषय आज दुसऱ्या उजेडात काढा. तेही नको वाटले तर एकच रंग घेऊन काढा. तेही जमेना तर कागदावर एक ठिपका काढा आणि त्याच्याकडे पाच मिनिटे पाहा. मग त्याला एक रेघ जोडा. त्या दिवशी तेवढेच झाले तरी त्यावर तारीख घाला. आजारपण आले किंवा परीक्षा आली आणि दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रांची वसुली करू नका. नेम सावकारासारखा मानगुटीवर बसला की माणूस त्याला टाळू लागतो. महिना संपला की तीसही चित्रे जमिनीवर मांडा. पहिल्या आणि तिसाव्या चित्रातला फरक दुसऱ्या कोणी सांगावा लागणार नाही.

आणि पालकहो, तुमच्याकडे मागणे थोडेच आहे. त्या अर्ध्या तासात मुलाला दुकानावर पिटाळू नका आणि मुलीला चुलीपाशी बोलावू नका. विशेषतः मुलींसाठी मी हे बोलतो आहे, कारण त्यांचा अर्धा तास घरातले सर्वजण सहज उचलून नेतात. "याचा उपयोग काय?" असे रोज विचारू नका. प्रत्येक मूल रझा होणार नाही, व्हायलाही नको. पण जे मूल न सुचणाऱ्या दिवशीही अर्धा तास कागदापुढे बसायला शिकले, ते गणिताच्या अडलेल्या उदाहरणापुढेही बसेल आणि उद्या धंद्यातल्या वाईट दिवसापुढेही बसेल. वह्या-पुस्तकांबरोबर वर्षाला एक रंगपेटी आणि कागदांचा एक गठ्ठा एवढा खर्च आपल्यापैकी बहुतेकांना पेलण्यासारखा आहे. ज्यांना पेलत नाही त्यांच्यासाठी संस्थेने तो उचलावा, अशी चालकांना माझी नम्र विनंती आहे.

भिंतीवर एक ठिपका काढायला त्या गुरुजींना काहीच खर्च आला नव्हता. मुलाला त्याच्यापुढे स्वस्थ बसू दिले, एवढेच त्यांनी केले. आपणही आपल्या मुलांसाठी एवढे करू शकतो.