मनाचा आजार, कार्डाचे कर्ज आणि आपली वस्ती

(विहारातील वर्षावास प्रवचनमालेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिले.)

 

या जागेवरून दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही विद्वान नाही. दिवसा साचाखात्यात उभे राहायचे आणि रात्री या विहाराच्या कपाटातले पुस्तक घरी न्यायचे, एवढीच आमची शाळा. त्यामुळे आम्ही आज तत्त्वज्ञान सांगणार नाही. आपल्याच वस्तीत घडलेली एक गोष्ट सांगणार आहोत. ज्याची गोष्ट आहे त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. नाव सांगणार नाही. कुणी ओळखलेच तर मनात ठेवावे, ही विनंती.

२०२३ सालची भीमजयंती तुम्हाला आठवत असेल. साऊंड मोठा होता, मंडप मोठा होता. त्यातले बत्तीस हजार रुपये एका मुलाने एकट्याने दिले. पोरगा शिकलेला, कुरिअरच्या गोदामात हिशेबाला, पगार बावीस हजार. आम्ही त्याचे नाव फलकावर लावले, शाल घातली, टाळ्या वाजवल्या. एका मावशी मागून म्हणाल्या, "अहो, एवढे पैसे याने आणले कुठून?" आम्ही म्हणालो, "मावशी, चांगल्या कामात शंका काढू नका." आज सांगतो, शंका त्यांनीच बरोबर काढली होती.

त्या दिवसांत तो तीन-तीन रात्री झोपत नव्हता. भरभर बोलायचा. वस्तीत अभ्यासिका काढणार, दहा संगणक आणणार, मित्रांना धंदा टाकून देणार, असे सांगायचा. तीन मित्रांना त्याने मोबाईल घेऊन दिले. आम्हांला वाटले, पोराला समाजाची तळमळ लागली आहे. तळमळ खरीच होती हो, पण तिच्या आत आजार होता. हे सगळे पैसे दोन बँकांच्या क्रेडिट कार्डांवरचे होते.

पावसाळ्यात तोच मुलगा अंथरुणाला खिळला. अंघोळ नाही, जेवण नाही, कामावर जाणे बंद. फोन वाजला की उशीखाली दाबायचा. घरचे म्हणाले, बाहेरचे काहीतरी झाले आहे. मामाने भगताकडे नेले. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि कपाटात अंगाऱ्याची पुडी, हे आपल्या किती घरांत आहे ते आपले आपण तपासावे. नोव्हेंबरमध्ये एका रात्री तो घरातून निघून गेला. आई रात्री अकरा वाजता विहाराच्या दारात आली आणि म्हणाली, "दादा, माझा पोरगा शोधून द्या." आम्ही सहाजण दोन दिशांना गेलो. पहाटे तो स्टेशनच्या बाकावर बसलेला सापडला. आम्हांला बघून एवढेच म्हणाला, "काका, मी सगळ्यांना बुडवलं."

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, बायपोलर. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला उदासी. उन्मादात झोपेची गरज वाटत नाही, आपण काहीही करू शकतो असे वाटते आणि हातातला पैसा पाण्यासारखा जातो. उधळपट्टी हे त्या आजाराचे लक्षण आहे, जसा हिवतापात ताप. उदासी आली की तोच माणूस ती बिले बघून स्वतःला गुन्हेगार समजतो. लिथियमची गोळी चालू झाली. तिच्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते आणि बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नसते.

आता आमची चूक सांगतो, कारण ती न सांगता पुढचे सांगणे खोटेपणाचे होईल. तो जरा सावरून कामावर जाऊ लागला, तसे आम्ही चारजण त्याच्या घरी बसलो आणि निकाल दिला. कार्डे कात्रीने कापली. पगाराचे एटीएम आईच्या हातात दिले. त्याला रोज पन्नास रुपये. त्याच्यासमोर पण त्याला न विचारता. आम्हांला वाटले मोठे काम केले. दोन महिन्यांत कळले की त्याने मोबाईलवरच्या एका ॲपकडून आठ हजारांचे कर्ज काढले आहे आणि ते लोक फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन लावीत आहेत. का काढलेस म्हणून विचारले. म्हणाला, "बहिणीच्या मुलीचा वाढदिवस होता. आईकडे हात पसरायची लाज वाटली."

रुग्णालयातल्या समाजसेविका ताईंनी आम्हांला समोर बसवून झापले. म्हणाल्या, आजारी माणसाचा हिशेब त्याच्या डोक्यावरून करायचा नसतो, त्याच्याबरोबर बसून करायचा असतो. कुठे कुलूप लावायचे ते त्याचे त्याने बऱ्या दिवसांत ठरवले तर ते कुलूप टिकते.

हे ऐकून आम्ही घरी येऊन ग्रंथ उघडले. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याला वेडाचा झटका यायचा. कधी त्याला उपोसथाची आठवण असे, कधी नसे. त्या अवस्थेत त्याच्या हातून नको ते घडले. तो बरा झाल्यावर दुसरे भिक्खू त्याला जुन्या गोष्टींवरून टोचू लागले. भगवंतांनी संघाला रीतसर ठराव करायला लावला की हा तेव्हा भानावर नव्हता, त्याबद्दल त्याला दोष लावू नये. आणि पटाचारा तर सर्वांना ठाऊक आहे. नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ, सगळे गेले आणि ती भान हरपून श्रावस्तीत उघडी फिरू लागली. लोक तिला हाकलीत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. कुणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्यावर टाकले. उपदेश त्यानंतर झाला. हीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली. आम्ही मात्र आमच्या मुलाला वस्त्र टाकण्याआधी कात्री काढली होती.

मग पुन्हा सुरुवात केली. रविवारी वंदना झाल्यावर याच सभागृहात चटईवर तो, त्याची बहीण आणि आम्ही दोघे बसलो. वहीत तो लिहीत होता, आम्ही वाचून दाखवीत होतो. पहिल्या कार्डावर एक लाख चोवीस हजार, दुसऱ्यावर अडुसष्ट हजार. त्यातली त्याची प्रत्यक्ष खरेदी किती ते काढले, तेव्हा आम्ही गार पडलो. मोठा भाग व्याज आणि दंडाचा होता.

आम्ही गिरणीत लागलो तेव्हा पगाराच्या दिवशी गेटवर व्याजवाले उभे असत. त्यांचे तोंड दिसायचे, व्याज तोंडपाठ असायचे. कार्डाचे तसे नाही. बिलावर एक छोटा आकडा असतो, किमान भरायची रक्कम. माणसाला वाटते तो भरला की झाले. आता हिशेब ऐका. समजा एक लाख थकले आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे महिन्याला साडेतीन हजार व्याज. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, सहाशे तीस रुपये. झाले चार हजार एकशे तीस. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही पाच हजार भरता आणि मुद्दलातून कमी होतात फक्त आठशे सत्तर. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डावर रोख काढली तर ती आणखी महाग. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या २००८ च्या निकालाने वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा त्या भरवशावर कुणी राहू नये.

कार्डे पुन्हा हातात आली तर काय, हा प्रश्न त्यानेच काढला. मोबाईलमधून कार्डाची ऑनलाइन खरेदी बंद करता येते, मर्यादा कमी करता येते. ही सोय २०२० पासून बँकांना द्यावीच लागते. पण आम्ही दोन्ही कार्डे बंदच करण्याचा अर्ज केला. बाकी असेपर्यंत खाते पूर्ण बंद होत नाही, मात्र नवा खर्च थांबवता येतो. बाकी फेडल्यावर सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले नाही तर दिवसाला पाचशे रुपये दंड तिला पडतो, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. आणि त्याने स्वतः ठरवले की पगार झाला की दहा हजार आईच्या खात्यात आपोआप जावेत, मोठी खरेदी असेल तर बहिणीला सांगून दोन रात्री थांबावे. दोन रात्री झोप लागली नाही, तर खरेदी नाही, आधी डॉक्टर. ही अट त्याची स्वतःची आहे, आमची नव्हे.

बँकेत गेलो तर साहेब आमच्याशी बोलायला तयार नाहीत. राग आला, पण त्यांचे बरोबर होते. खाते त्याचे, गुपित त्याचे. मग त्याच्या सहीचे अधिकारपत्र दिले, तेव्हा बोलणे सुरू झाले. इथे एक घोटाळा पुष्कळ जण करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजारी माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारापुरता. बँकेच्या व्यवहारासाठी तो कागद चालत नाही. आणि दुसरे, आजाराचा दाखला दाखवला की कर्ज माफ, असा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यात करार करताना मन ठिकाणावर पाहिजे असे म्हटले आहे, पण ते नव्हते हे कोर्टात सिद्ध करावे लागते. उलट २०१७ चा कायदा सांगतो की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला वेडा ठरवता येत नाही. आमच्या मुलाला ते ऐकून बरेच वाटले. म्हणाला, "मग फेडतो की. फक्त मला श्वास घेऊ द्या."

त्याच्याच हातचे पत्र दिले. आजार आहे, उपचार चालू आहेत, पगार एवढा आहे, महिन्याला एवढेच देऊ शकतो. डॉक्टरांचा दाखला जोडावा की नाही हे त्याच्यावर सोडले. त्याने जोडला. पहिल्या बँकेने सगळी बाकी हप्त्यांत बांधून दिली, मे २०२४ पासून छत्तीस हप्ते, महिना सुमारे चार हजार चारशे. दुसरी बँक ऐकेना. तिचे वसुलीवाले रात्री नऊला फोन करायचे, शेजाऱ्यांना विचारायचे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी बजावले आहे की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही. आम्ही प्रत्येक फोनची वेळ वहीत टिपली आणि बँकेकडे लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तिथपर्यंत जावे लागले नाही. बँक एक्केचाळीस हजारांवर तडजोडीला आली. तडजोडीने कर्जाच्या नोंदीत "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज मिळायला अडचण येते, हे त्याला आधी सांगितले. तो म्हणाला, मला पुढे कर्ज नकोच आहे. आणि एक लक्षात ठेवा, तडजोडीचे पत्र बँकेच्या कागदावर हातात येईपर्यंत आम्ही एक पैसा दिला नाही, आणि एजंटाच्या हातात तर मुळीच नाही.

एक भीती मात्र घराघरांतून काढून टाकली पाहिजे. एजंट सांगतात, पोलीस येतील, आईला नेतील. नुसते कार्डाचे पैसे थकले म्हणून तुरुंग होत नाही, तो दिवाणी मामला आहे. दिलेला चेक परत गेला तर गोष्ट वेगळी, म्हणून घाबरून कोरे चेक देऊ नयेत. आईने जामीन म्हणून सही केली नसेल तर ते कर्ज आईचे नाही.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यातले एक अनणसुख, कुणाचे देणे नसण्याचे सुख. ते आमच्या मुलाला अजून मिळालेले नाही, हप्ते चालू आहेत. मध्ये एकदा, गेल्या वर्षी, पुन्हा झोप उडाली होती. पण या वेळी त्याने स्वतः बहिणीला फोन केला आणि दोघे रुग्णालयात गेले. खरेदी झाली ती एका बुटाच्या जोडीची. तेवढे चालायचेच.

वस्तीत असे कुणी असेल तर रविवारी वंदनेनंतर यावे. बिले फोडलेली नसतील तर तशीच आणावीत, पिशवीत भरून आणली तरी चालेल. माणूस स्वतः आला तर उत्तम, त्याच्या माघारी आम्ही बसणार नाही. रात्री-अपरात्री मन फार खाली गेले तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिला प्रश्न बत्तीस हजारांचा. ते पैसे त्याने आजारात दिले आणि आम्ही घेतले. २०२४ च्या सभेत यावर वाद झाला. काहीजण म्हणाले, दान दिलेले परत कसे करायचे, तो पायंडा पडेल. शेवटी त्याच मावशी उठल्या, ज्यांनी पहिली शंका काढली होती, आणि म्हणाल्या, "त्या रात्री तुम्ही नाचलात त्याचंच व्याज हे पोरगं भरतंय." ठराव मंजूर झाला. पंधरा हजार लगेच तडजोडीसाठी दिले, बाकीचे त्याच्या बहिणीने भिशीतून उभे केले. पुढे मंडळाने थोडे थोडे करून आणखी तेरा हजार त्याच्या खात्यात भरले. चार हजार राहिले आहेत. पेटी दाराजवळ उजव्या बाजूला ठेवली आहे, पावती कोषाध्यक्ष देतील. जयभीम.