दारिद्र्य आणि बालशरीरावरील ताण

संकटसमयी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. संकट टळले की ते ओसरते. परंतु ज्या घरी उद्याच्या अन्नाची विवंचना नित्याचीच असते, तेथील बालकाच्या शरीरास ही उसंत क्वचितच लाभते. साचत जाणाऱ्या या झिजेची संकल्पना ब्रूस मॅकएवन व एलिअट स्टेलर यांनी १९९३ मध्ये मांडली. मेक्सिकोत ‘ओपोर्तुनिदादेस’ योजनेखाली, मुलांची शाळा व आरोग्यतपासणी या अटींवर, मातांच्या हाती रोख रक्कम दिली जात असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाभार्थी कुटुंबांतील लहान मुलांच्या लाळेत कॉर्टिसॉल तुलनेने कमी आढळले. विशेषतः ज्यांच्या माता खिन्नतेने ग्रस्त होत्या, त्यांच्यात. साहाय्याचे प्रकरण हातावेगळे करताना कर्मचारीवर्गाने या बालकांचे स्मरण ठेवावे, हीच अपेक्षा.