दारं धरणाऱ्याची नजर

मी मूळचा पाचोडचा. पैठण तालुक्यातलं, मोसंबीच्या बाजाराचं पाचोड. नोकरीने नवी मुंबईत नेलं आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका सहकाऱ्याच्या नादाने खारघरला, सिडकोच्या मैदानावर गोल्फ खेळू लागलो. गावी फोटो दाखवला तर वडील म्हणाले, "एवढं रान, अन् पेरलंय काय?"

पहिली दोन वर्षं मला मैदान दिसलंच नाही, चेंडूच दिसायचा. तो वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये पडला की खड्डा खोदणाऱ्याचा उद्धार करायचा. एका होलवर, म्हणजे मैदानाच्या एका टप्प्यावर, तर दर रविवारी हेच. एकदा खेळ आटोपल्यावर त्याच होलवर ग्रीनकडून, म्हणजे टोकाच्या, चेंडूचं भोक असलेल्या बारीक हिरवळीकडून, उलटा चालत आलो आणि चक्रावलो. डावीकडे ऐसपैस मोकळी वाट होती, थोडी लांबची. खड्डा होता तो जवळच्या वाटेवर, माझ्यासारख्या हावऱ्यासाठी मांडलेला.

मग मैदानं आखणाऱ्यांविषयी वाचायला लागलो. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हा मुळात डॉक्टर. बोअर युद्धात शत्रूचे खंदक जमिनीत बेमालूम कसे मिसळतात, हे त्याने पाहिलं आणि पुढे तीच युक्ती मैदानं आखताना वापरली. अमेरिकेतलं ऑगस्टाचं मैदान त्याने गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर आखलं. पण स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान कुणा एकाने आखलेलंच नाही. समुद्रकाठची रेताड, शेतीला निकामी जमीन. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या बसल्या, त्यांच्या बसण्याने खळगे पडले, त्यांचेच बंकर झाले म्हणतात. तिथे 22 होल खेळायचे, 1764 साली ते 18 केले, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला.

मला खरी गोडी लागली ती ग्रीनची. दिसायला सपाट, पण चेंडू हळूच एका अंगाला सरकतो. उतार वाचायला मी चेंडूमागे उकिडवा बसलो आणि एकदम वडील आठवले. मोसंबीला पाणी देताना ते दारं धरायचे, म्हणजे पाणी हवं तिकडे वळवायचे. खोरं बाजूला टेकवून असेच बसायचे, डोळे बारीक करून पाण्याच्या दंडाच्या टोकापर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "पाणी तिकडं जाणार." जायचंही तिकडंच. त्या दिवशी मी चेंडू मारायच्या आधी स्वतःला विचारलं, इथे पाणी सोडलं तर कुठे जाईल? चेंडू होलात गेला. दरवेळी जातो असं नाही, थापा कशाला मारू!

होलाचा व्यास 108 मिलिमीटर. आमच्या बागेतली मोसंबी आरामात बसते.

पाचोडला गोल्फचं मैदान का नाही, असं मुंबईचे मित्र विचारतात. नाही, आणि नसावंच. हा खेळ नापीक रेतीत, पावसाच्या पाण्यावर वाढला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांत हिरवळीला पाणी पाजणं मला पटत नाही.