धरण एकाचे, पाणी सर्वांचे, जबाबदारी कुणाची?

(कोकणातील एका गावात, पावसाळ्यापूर्वी घेतलेल्या पाणी-बैठकीतील भाषण)



आजचा विषय तुमच्या रोजच्या हंड्याचा आहे. गावाच्या वरच्या अंगाला वहाळावर मातीचे एक लहान धरण आहे. उंची साधारण आठ मीटर. जमीन एका कुटुंबाची आणि धरणही त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या पैशाने बांधलेले. त्यातले पाणी आधी मोहल्ल्यात येते, मग गवळवाडीला आणि शेवटी बौद्धवाडीला. गेल्या पावसाळ्यात धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना काहींनी पाहिले. मालकांकडे विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले, "तक्रार कराल तर धरण रिकामे करून टाकतो." तेव्हापासून गाव गप्प आहे. बोलावे तर पाणी जाईल, न बोलावे तर जीव जाईल, अशी ही कोंडी आहे. ती फोडता येते, हे सांगायला मी आलो आहे.

आधी मातीचे धरण कसे टिकते आणि कसे फुटते ते पाहू. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच, त्याने घाबरायचे कारण नाही. पाझर स्वच्छ आहे आणि वर्षानुवर्षे तेवढाच आहे, तर धरण आपले काम करते आहे. पण तो गढूळ झाला किंवा अचानक वाढला, तर पाण्याबरोबर आतली माती निघून चालली आहे असे समजा. आत एक नळी तयार होते आणि ती पायथ्याकडून तलावाच्या दिशेने मागे मागे सरकत जाते. ती तलावाला भिडली की मग फार वेळ मिळत नाही.

दुसरा धोका सांडव्याचा. जास्तीचे पाणी सांडव्यातून गेले पाहिजे. उन्हाळ्यात चार दिवस जास्त पाणी पुरावे म्हणून सांडव्यात फळ्या किंवा वाळूची पोती लावतात, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी बांधतात. मग एखाद्या रात्री मुसळधार पाऊस होतो, पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते आणि माती कापत नेते. बांधावर वाढलेली मोठी झाडे, उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळे ही तिसरी बाब. झाड वाळले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला वाट मिळते.

खेकडे म्हटल्यावर तुमच्यापैकी काहीजण हसले. तिवरे आपल्याच चिपळूण तालुक्यातले. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथले मातीचे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, सुमारे वीस माणसे गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण दिले. खेकडा बीळ करतो हे खरे आहे. तो त्याचा स्वभाव आहे. पण बीळ शोधून बुजवणे हे देखभाल करणाऱ्याचे काम आहे, आणि त्या कामाचा हिशेब खेकड्याकडे मागता येत नाही. ते धरण तर सरकारी होते. आपले धरण खाजगी आहे. इथे पाहणीला कोण येणार?

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरमधली धरणे लांबी, साठा वगैरे काही अटी पूर्ण केल्या तरच त्यात येतात. आठ मीटरचे धरण त्यात बसत नाही. म्हणजे कायद्याने त्याला लहान मानले. पण रात्री दोन वाजता अंगणात शिरलेले पाणी लहान नसते.

मग कायदा आपल्या बाजूने काहीच बोलत नाही का? बोलतो. इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये एका गिरणी मालकाने गिरणीसाठी तलाव बांधून घेतला. तळाशी जुन्या खाणीची तोंडे होती. पाणी त्यातून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नव्हता, तरीही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जबाबदार धरले. तत्त्व असे की, निसटल्यास इतरांना घातक ठरेल अशी गोष्ट आपल्या जमिनीत आणून साठवली, तर ती सांभाळणेही तुमच्याच माथी.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, आपल्या देशातला खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वे कंपनीचे नुकसान झाले. कंपनीने इंग्लंडच्या त्याच निकालाचा आधार घेतला. पण न्यायाधीशांनी तो इथे लावला नाही. त्यांचे म्हणणे असे की, हे तलाव जमीनदाराने केवळ स्वतःच्या फायद्यासाठी ठेवलेले नाहीत. लोकांचे जगणे त्यांवर अवलंबून आहे, ते राखणे आणि दुरुस्त करणे हे त्याचे कर्तव्य आहे, ते मोडून टाकण्याची मुभा त्याला नाही. म्हणून हलगर्जीपणा सिद्ध झाला तरच तो जबाबदार.

हा निकाल मी मुद्दाम सांगतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना काही आहे. लोकांना पाणी देणाऱ्या मालकाला कायदा सहानुभूतीने पाहतो. आपणही पाहिले पाहिजे. ह्या कुटुंबाने वर्षानुवर्षे पाणी दिले, त्यातून त्यांना काही मिळत नाही, दुरुस्तीचा खर्च मात्र त्यांच्यावर. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण ज्या पाण्यावर तीन वाड्या जगतात ते एका रागाच्या भरात सोडून देता येणार नाही, आणि गळती माहीत असून स्वस्थ बसणे हाच हलगर्जीपणा.

इस्लामी परंपरेत पाणी, चारा आणि अग्नी ह्या गोष्टी सामाईक मानल्या आहेत. तहानेचा हक्क हा फिकहच्या ग्रंथांतला मान्य विषय आहे. जुम्याला हे ऐकून आपण मान डोलावतो. मग आपल्या गावात बौद्धवाडीला सर्वात शेवटी आणि सर्वात कमी पाणी का, हा प्रश्न मोहल्ल्याने आधी स्वतःला विचारायला हवा. महाडच्या चवदार तळ्याबाबतही विरोधकांनी तळे खाजगी असल्याचाच दावा कोर्टात केला होता. १९२७ मध्ये सुरू झालेली ती लढाई १९३७ मध्ये उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने संपली. 'खाजगी' ह्या शब्दामागे काय काय लपवता येते, ते कोकणाने पाहिलेले आहे.

आता करायचे काय ते सांगतो. पहिले, मालकांना सोबत घेऊन ग्रामपंचायतीने लेखी करार करावा. धरण त्यांचेच राहील, देखभालीचा खर्च पाणीपट्टीतून तिन्ही वाड्या उचलतील, आणि पाणी बंद करायचे तर आधी पर्यायी सोय होईल. दुसरे, पाऊस सुरू होण्याआधी जलसंधारण खात्याच्या अभियंत्याकडून पाहणी व्हावी म्हणून ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांना द्यावा. कुणीच दाद दिली नाही, तर सार्वजनिक उपद्रवाच्या तरतुदीखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे.

तिसरे काम आपल्या हातातले आहे. सांडवा मोकळा करा, त्यात एक फळीही ठेवू नका. पावसाळ्यात रोज एकाने पायथ्याशी जावे, पाझराखाली बादली धरावी, ती भरायला किती वेळ लागला आणि पाणी कसे दिसले ते वहीत लिहावे. ह्या वहीपुढे कुठलाही अधिकारी "तुमचा गैरसमज आहे" असे म्हणू शकणार नाही.

चौथे, गावातले बरेच पुरुष मुंबईला किंवा आखातात असतात. रात्री घरात बायका, मुले आणि म्हातारी माणसेच असतात. म्हणून पाणी समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि त्या सह्यांपुरत्या नकोत. धोका दिसला तर मशिदीच्या भोंग्यावरून आणि बुद्धविहारातून एकाच वेळी सूचना द्यायची, कोणत्या उंचवट्यावर जमायचे ते आजच ठरवायचे, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना कुणी उचलायचे त्यांची नावे लिहून ठेवायची.

धरण फुटले की लोक म्हणतात, अल्लाची मर्जी. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही, हे मलाही मान्य आहे. सांडव्यातली फळी मात्र माणसाने ठेवलेली असते. ती माणसानेच काढायची आहे.

ठरावाचा मसुदा इथे टेबलावर आहे. वाचा, चुका असतील तर दुरुस्त करा आणि मगच सही करा.