वाळूतली पोपटी

मंडळी, भात निघाले की आपल्या मुरबाड-शहापूरकडे त्याच शेतात वाल पेरतात. जमिनीच्या ओलीवर आणि दवावर तो वाढतो. पौष-माघात शेंगा भरल्या की पोपटी लावायची. आम्ही घरची सारी माणसे मडके घेऊन काळू नदीच्या वाळूत जातो.

मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर शेंगा, बटाटे, मीठ, ओवा. कोणी अंडीही घालतात. तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा. पाणी थेंबभर नाही हो! पाल्याच्या नि शेंगांच्या ओलाव्यावरच सारे वाफेने शिजते. मडके उपडे ठेवून भोवती गवऱ्या, काटक्या रचायच्या नि पेटवायच्या. घमघमाट सुटला की समजावे, झाली.

एका वर्षी आम्ही फसलो. जेवणे झाली, निखाऱ्यांवर वाळू लोटली. वाटले, विझले. पण वाळूखाली निखारा जिवंत राहतो नि वाळू तापते. वरून काही दिसत नाही. आमचा नातू तिथूनच अनवाणी धावला नि त्याचा पाय भाजला. कुणी म्हणाले, "गुरुजी, शाई लावा!" जन्म शाळेत गेला, तरी शाई आम्ही लावली नाही. वीस मिनिटे पायावर गार पाणी ओतले, स्वच्छ फडके गुंडाळले नि दवाखाना गाठला.

तेव्हापासून पेटवण्याआधी आम्ही बादली भरून ठेवतो. शेवटी निखाऱ्यांवर पाणी ओतायचे, जरा लांबूनच, कारण वाफ अंगावर येते. काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे. मग हात जवळ नेऊन पाहायचे. ऊब लागली तर आणखी एक बादली.

यंदा निघताना नातवाने मडक्याआधी बादली उचलली.