फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

आजच्या भागात माझ्या दोन चुका सांगणार आहे. पहिली हसण्यासारखी आहे, दुसरी नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही डोंबिवलीचे चौघे फ्लेमिंगो बघायला निघालो. पहाटेची स्लो लोकल, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, तिथून रिक्षा. सात वाजता खाडीकाठी हजर! पक्षी बघायचे तर भल्या पहाटे, एवढंच आम्हाला माहीत होतं. आणि समोर काय, तर काठोकाठ पाणी. एक खंड्या, दोन बगळे, विषय संपला. डब्यातले पोहे खाल्ले आणि घरी आलो.

नंतर कळलं, की खाडीतले पक्षी सूर्यापेक्षा चंद्राच्या घड्याळावर चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात त्यांचं जेवण असतं. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. आम्ही गेलो त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे आम्ही बरोबर भरतीच्या तोंडावर पोचलो होतो! कॅलेंडर घरात भिंतीवरच होतं, बघितलं कोणी?

दुसऱ्या वेळी चतुर्थी गाठली. चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल, म्हणून मधली वेळ साधायची. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. आम्ही बाराच्या आसपास पाण्यात होतो.

ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, साधारण १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, डोक्यावर विजेच्या तारा. आणि मधे तिवरांच्या कडेला गुलाबी पट्टा! चोच उलटी करून, चिखलपाणी गाळून शेवाळ खाणारे शेकडो लहान रोहित. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो.

आता दुसरी चूक. मला रील हवी होती. सगळे एकदम उडताना, स्लो मोशनमध्ये. पण ते माना खाली घालून खातच होते. मी उभा राहिलो आणि जोरात टाळ्या वाजवल्या.

उडाले. पंखांखालचा लाल-काळा रंग, काय दिसला म्हणून सांगू! रील झकास आली. पण बोटवाल्या काकांनी इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाले, "दादा, जेवणाऱ्याला भरल्या ताटावरून उठवतात का?"

बोटीत कोणी काही बोललं नाही. माझ्या मैत्रिणीने फक्त माझ्या फोनकडे बघितलं.

घरी येऊन मी वाचायला बसलो. त्या चिखलावर फक्त फ्लेमिंगो नसतात. छोटा टिलवा नावाचा पक्षी असतो, वजन पंचवीसेक ग्रॅम. आपल्या वडापावातला वडा त्याहून जड! तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून इथे येतो आणि वसंतात परत जातो. त्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती इथल्या चिखलातून मिळवायची. चिखल उघडा असतो काही तासच. त्यात आपण टाळ्या वाजवल्या की खाणं थांबतं आणि उडण्यात साठवलेली ताकद जाते. एकदा झालं तर निभावेल. पण सीझनभर रोज वेगवेगळ्या बोटींतून माझ्यासारखाच एकेक जण उभा राहिला तर?

आणि भरती आली की त्यांना टेकायला जागा लागते: मिठागरं, नेरुळ-सीवूड्सची तळी. आपल्याला ती मोकळी पडलेली जागा वाटते. त्यांच्यासाठी मात्र ताट आणि अंथरूण दोन्ही लागतं. एक वाचवून दुसरं बुजवलं तर उपयोग नाही.

ती रील मी डिलीट केली. फार मोठं काही केलं असं नाही, पण ठेववली नाही.

तर मंडळी, या हिवाळ्यात जरूर जा. बोटीचं बुकिंग आधी करा, तिथी बघा, दुर्बीण न्या. बोटीत बसून राहा. कुरव पक्षी मागे लागले तरी गाठी-शेव टाकू नका, ते त्यांचं खाणं नाही. आणि शेजारचा कोणी टाळी वाजवायला उठला, तर त्याला काकांचा प्रश्न विचारा. रागवू नका, नुसतं विचारा. मला तेवढं पुरलं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सांगा, आज तिथी कोणती आणि भरती किती वाजता?